पिस्टन कव्हरला आदळतोय? आधी ड्रॉइंगची बेरीज करा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचणाऱ्या इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. अमळनेरला घरी छोटा लेथ, जळगाव एमआयडीसीत टूलरूमची नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी २५ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ३२ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची चाल) आडवं वाफेचं मॉडेल इंजिन बनवणं चालू आहे. ड्रॉइंग म्हणजे फुकट मिळालेलं स्कॅन, मूळ इंचातलं, त्यावर कुणीतरी मिलिमीटर टाकलेले. बेड, सिलिंडर, क्रँक, क्रॉसहेड (पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड जोडणारा सरकता ठोकळा), पिस्टन सगळं मापात बनवून जोडलं, पण क्रँकचा फेरा पूर्ण होत नाही. क्रँकच्या बाजूच्या कव्हरला पिस्टन टेकतो आणि उलट्या टोकाला साडेतीन मिलिमीटर जागा मोकळी राहते. शिवाय स्टीम चेस्टच्या (व्हॉल्व्ह बसतो त्या वाफेच्या पेटीच्या) कव्हरची भोकं जुळत नाहीत. तुम्ही विचारलंय की पिस्टन फेस करून (लेथवर टोक कापून) पातळ करू का, आणि असलं ड्रॉइंग फेकून द्यावं का.

पिस्टनला हात लावू नका आणि ड्रॉइंगही फेकू नका. पिस्टन पुढून तीन मिलिमीटर फेस केला तर आदळणं थांबेल हे खरं. पण नऊचा पिस्टन सहाचा राहील, पॅकिंगच्या खाचेला दोन्हीकडून धड भिंत उरणार नाही, आणि मागच्या टोकाची साडेतीन मिलिमीटरची पोकळी तशीच राहील. दर फेऱ्याला ती पोकळी वाफेनं भरायची आणि काम न होता एक्झॉस्टला सोडून द्यायची. इंजिन फिरेल, पण एका बाजूनं जोर लावत आणि दुसऱ्या बाजूनं ढिलं पडत.

मॉडेलच्या ड्रॉइंगात चूक का राहते हे समजलं की ती कुठे शोधायची तेही समजतं. कारखान्यात एक जण ड्रॉइंग काढतो, दुसरा तपासतो, पहिला पीस इन्स्पेक्शनला जातो, आणि फ्लोअरवरून बोंब आली की रिव्हिजन बदलते. मॉडेलच्या कागदाला यातलं काहीच मिळत नाही. बहुतेक वेळा एकटाच माणूस असतो. तो आधी इंजिन बनवतो, मग कागद काढतो. बनवताना कुठे कानस मारली, कुठे वॉशर घातला, कुठे रॉड जागेवर धरून कापला, हे त्याच्या हाताला माहीत असतं, कागदावर येत नाही. फोटोतलं इंजिन झकास चालतं, पण ते त्या ड्रॉइंगवरून बनलेलंच नसतं. त्यावर पुन्हा इंचाचे मिलिमीटर करणारा दुसरा माणूस येतो. त्यानं इंजिन बनवलेलंही नसतं.

त्यामुळे एकेका पार्टाची मापं सहसा नीट असतात आणि घोळ दोन पार्टांच्या मध्ये निघतो. पार्ट मापात आहे हे व्हर्निअर सांगेल. चार पार्ट एका ओळीत बसल्यावर पाचव्याला जागा उरते का, हे बेरीज केल्याशिवाय कळायचं नाही. ही बेरीज लेथ चालू करायच्या आधी, चहा पिता पिता होते.

तुमचीच मापं घेऊ. क्रँकचा मध्य शून्य धरा आणि सिलिंडरकडे मोजत चला. बेडवर सिलिंडरचा जवळचा फेस १४८.५ वर येतो. सिलिंडर ४८ लांब, दोन्ही कव्हरांचे स्पिगॉट (सिलिंडरमध्ये घुसणारे उंचवटे) ३-३ मिमी आत. म्हणजे पिस्टनला मोकळी जागा १५१.५ पासून १९३.५ पर्यंत, एकूण ४२. पिस्टनची जाडी ९ आणि स्ट्रोक ३२ मिळून ४१. उरला १, म्हणजे दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मिलिमीटर. या आकाराच्या इंजिनाला हे चोख आहे. तेव्हा सिलिंडर, कव्हरं, पिस्टन आणि क्रँक या चौघांवर संशय घ्यायचं कारण नाही.

आता जागा बघू. मोकळ्या जागेचा मध्य १७२.५. कनेक्टिंग रॉड सेंटर टू सेंटर ७२, क्रँकचा ऑफसेट १६, म्हणून क्रॉसहेडची पिन ५६ पासून ८८ पर्यंत ये-जा करते आणि तिचा मध्य ७२ वर पडतो. मग पिनेपासून पिस्टनच्या मध्यापर्यंत १७२.५ वजा ७२, म्हणजे १००.५ मिमी अंतर पाहिजे. ड्रॉइंग काय देतं? पिनेपासून क्रॉसहेडचा फेस १२, तिथून पिस्टनच्या पुढच्या फेसपर्यंत पिस्टन रॉड ८१, आणि अर्धा पिस्टन ४.५. बेरीज ९७.५. तीन मिलिमीटर कमी.

पडताळा लगेच मिळतो. पिस्टनचा मध्य १७२.५ ऐवजी १६९.५ ला आला. क्रँककडे १६ गेला, अर्धी जाडी ४.५ अजून पुढे, म्हणजे फेस १४९ ला पोचायला बघतो आणि कव्हर १५१.५ वरच उभं आहे. अडीच मिलिमीटर आधीच टेकणार. उलट्या टोकाला मागचा फेस १९० ला थांबतो, कव्हर १९३.५ वर, साडेतीन मोकळे. तुम्ही मोजलेले साडेतीन ते हेच.

या दोन आकड्यांची बेरीज करायची सवय लावून घ्या. वजा अडीच आणि अधिक साडेतीन, बरोबर एक. जेवढी एकूण मोकळीक असायला हवी तेवढीच ती भरली, तर लांब्या ठीक आहेत आणि पिस्टन फक्त सरकलेला आहे. बेरीज वेगळी आली असती, तर स्ट्रोक, पिस्टनची जाडी, स्पिगॉट किंवा सिलिंडरची लांबी यांपैकी काहीतरी चुकलं असतं आणि रॉड बदलून उपयोग झाला नसता. लोक नेमके इथेच घसरतात. आदळणारी बाजू दिसते, तिथला पार्ट घासायला घेतात, दुसऱ्या टोकाला किती जागा आहे ते बघतच नाहीत.

तीन मिलिमीटर कमी आहेत हे ठरलं, पण कुठल्या पार्टात? गणितानं तिन्ही उपाय चालतात. पिस्टन रॉड तीननं वाढवा, कनेक्टिंग रॉड पंचाहत्तरचा करा, नाहीतर सिलिंडर क्रँककडे तीन सरकवा. सिलिंडर सरकवायचा तर बेडची भोकं लांबट करावी लागतील, गाइड बार पुढच्या कव्हरला बसतात म्हणून तेही सरकतील, व्हॉल्व्ह रॉडची लांबी बदलेल. कनेक्टिंग रॉड पुन्हा बनवणं म्हणजे फोर्क आणि पितळी ब्रासेस पुन्हा करणं, आठवड्याचं काम. पिस्टन रॉड म्हणजे ६ मिमीचा स्टेनलेस बार, दोन्ही टोकांना आटे, अर्ध्या तासाचं काम. स्वस्त पार्ट बदलावा हे व्यवहाराचं झालं. पण खरी चूकही तिथेच आहे का, हे बघितलेलं बरं, कारण चुकीचं माप आणखी एखाद्या पार्टात उतरलेलं असू शकतं.

स्कॅन मोठं करून बघा. रॉडच्या त्या मापाखाली मूळ इंचाचा आकडा पुसट दिसतो. मिलिमीटर करणाऱ्यानं तो ३ ३/१६ वाचला. ३ ३/१६ इंच म्हणजे ८०.९६, त्याचे ८१ केले. मला तिथला तीन संशयास्पद वाटतो, वरची रेघ सरळ आहे आणि पोट फक्त खालच्या बाजूला. तो ५ आहे. ३ ५/१६ म्हणजे ८४.१४, म्हणजे ८४. आपल्याला हवे होते तेवढेच. मापाला असा दुसरीकडून साक्षीदार मिळाला की मगच लाल पेन हातात घ्यायचा.

साक्षीदार मिळायच्या जागा ठरलेल्या असतात. असेंब्लीचं चित्र, पार्ट लिस्टमधली कच्च्या मालाची लांबी, शेजारच्या पार्टाचं माप, आणि शेवटी कागदावर पट्टी लावून काढलेलं प्रमाण. पट्टी लावायची तर जपून. प्रिंटरला ‘पानात बसवा’ असं राहून गेलं असेल तर सगळं ९४-९५ टक्क्यांवर छापलं जातं, आणि जुन्या झेरॉक्सात आडवं-उभं वेगवेगळं ताणलेलं असतं. त्यामुळे पट्टीनं सरळ मिलिमीटर वाचायचे नाहीत. त्याच दिशेतलं, खात्रीचं एक माप घ्यायचं, कागदावर ते किती भरतं ते बघायचं, आणि त्या प्रमाणात संशयित माप काढायचं. एवढ्यानं दशांश मिलिमीटर कळणार नाही, पण ८१ आणि ८४ यांतलं कुठलं, एवढं नक्की कळतं.

स्टीम चेस्टचं कव्हर. ते पालथं करून चेस्टवर ठेवा. भोकं जुळली ना? मग मापं बरोबर आहेत, बाजू उलटली आहे. पार्टाच्या वेगवेगळ्या बाजूंची चित्रं कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. आपण आयटीआय-डिप्लोमाला फर्स्ट अँगल शिकतो, भारतीय मानकातही तोच आहे. अमेरिकन ड्रॉइंगं थर्ड अँगलमध्ये असतात आणि जुन्या इंग्लिश ड्रॉइंगांत दोन्ही सापडतात. थर्ड अँगलमध्ये उजवीकडे काढलेलं चित्र पार्टाची उजवी बाजू दाखवतं. फर्स्ट अँगलमध्ये उजवीकडच्या चित्रात डावी बाजू दिसते. चेस्टचं कव्हर एका बाजूला जास्त भोकांचं असल्यामुळे तुमच्याकडे ते आरशातलं झालं. चौकोनी, दोन्हीकडून सारखा पार्ट असता तर कळलंही नसतं. आमच्याकडे जुने टर्नर असलं कव्हर हातात आलं की ड्रॉइंग टेबलावर आपटून विचारायचे, “हाई माप कोनी टाकं रे भो?” माप बिचारं बरोबरच असायचं.

कुठली पद्धत ते सांगणाऱ्या, कोपऱ्यातल्या कापलेल्या शंकूच्या चिन्हावर फार विसंबू नका. टेम्प्लेटमधून आपोआप आलेलं असतं. त्यापेक्षा ड्रॉइंगात एखादा बेढब पार्ट शोधा, एकाच बाजूला ऑइल कप असलेलं बेअरिंग किंवा एकाच बाजूला पाय असलेला सिलिंडर, आणि फोटोशी ताडून बघा की शेजारचं चित्र कुठली बाजू दाखवतंय. आणि एका पानावर थर्ड अँगल निघाला म्हणून सगळा सेट तसाच असेल असंही धरू नका. तुमचं कव्हर पितळेचं आहे, सपाट आहे. दोन्ही फेस घासून सपाट केले की पालथं वापरता येईल, फक्त नटांच्या बसण्याच्या जागा नवीन बाजूला घ्याव्या लागतील.

व्हॉल्व्ह गिअर, म्हणजे पिस्टनच्या दोन्ही बाजूंना आलटून-पालटून वाफ सोडणारी यंत्रणा, तुम्ही अजून सुरू केलेली नाही, हे फार चांगलं झालं, कारण तुमच्या ड्रॉइंगातली सगळ्यात वाईट चूक तिथे बसली आहे. पोर्टांची (वाफेच्या वाटांची) मापं आधी जुळवून घेऊ. स्टीम पोर्ट २, मधली भिंत २, एक्झॉस्ट ४, भिंत २, पोर्ट २, म्हणजे बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत १२. व्हॉल्व्ह १४ लांब, म्हणजे प्रत्येक बाजूला १ मिमी लॅप (मध्यावर असताना पोर्टाच्या कडेबाहेर जाणारा भाग). आतली पोकळी ८, एक्झॉस्टच्या बाजूला कडेला कड. व्हॉल्व्हची प्रत्येक भिंत ३, त्यात पोर्ट २ आणि लॅप १. सगळं सुरेख जुळतं. पोर्ट पूर्ण उघडायला व्हॉल्व्हनं मध्यापासून लॅप अधिक पोर्ट, म्हणजे ३ मिमी सरकायला हवं. म्हणून एक्सेंट्रिकचा (शाफ्टवर मध्य सोडून बसवलेली, व्हॉल्व्ह हलवणारी चकती) ऑफसेट ३, एकूण चाल ६.

तुमच्या ड्रॉइंगात एक्सेंट्रिकच्या चित्रावर ऑफसेट म्हणून ६ दिलाय. चाल आणि ऑफसेट यांची ही गल्लत जुन्या ड्रॉइंगांत पावलोपावली भेटते. सहा कसे खोटे ठरतात बघा. चेस्ट आतून २२ लांब आहे. १४ चा व्हॉल्व्ह आणि ६ ची चाल मिळून २०, दोन्हीकडे एकेक मोकळा. ऑफसेट ६ धरला तर चाल १२, व्हॉल्व्हला २६ लागतील आणि तो चेस्टच्या भिंतीवर आदळेल. दुसरा साक्षीदार एक्सेंट्रिक स्वतःच. त्याचा बाहेरचा व्यास १९, म्हणजे त्रिज्या साडेनऊ. शाफ्ट ८ चा. ऑफसेट ६ आणि शाफ्टची त्रिज्या ४ मिळून १० झाले. शाफ्टचं भोक एक्सेंट्रिकच्या कडेबाहेर निघतंय! ड्रॉइंग काढणाऱ्यानं चित्रात ते भोक कडेच्या आत छान काढलंय आणि आकडा मात्र बाहेरचा लिहिलाय.

तिथेच टिपणीत लिहिलंय की एक्सेंट्रिक क्रँकच्या ९० अंश पुढे ठेवा. लॅप नसता तर ९० बरोबर होते. लॅप १ आणि ऑफसेट ३ असताना डेड सेंटरला (पिस्टन टोकाला पोचून उलटतो त्या क्षणी) व्हॉल्व्ह मध्यापासून निदान १ मिमी सरकलेला हवा, म्हणजे साधारण साडेएकोणीस अंश आणखी. एकूण १०९-११०. थोडी लीड द्यायची, म्हणजे डेड सेंटरलाच पोर्ट किंचित उघडं ठेवायचं, तर अजून दोन-तीन अंश. म्हणून एक्सेंट्रिकला पिन मारून मोकळे होऊ नका. ग्रब स्क्रू ठेवा आणि हवेवर चालवून जागा पक्की करा.

हे आकडे डोक्यात बसत नसतील तर कागद कापा. ग्राफ पेपरवर पोर्ट दहापट काढा, १२ चे १२० मिमी. दुसऱ्या पट्टीवर १४० चा व्हॉल्व्ह, आत ८० ची पोकळी. पट्टी पोर्टांवर सरकवत राहा आणि क्रँक कुठे असताना काय उघडतंय ते बघा. व्हॉल्व्ह उलट काढलाय, पोकळी मोठी झाली आहे, वाफ सरळ एक्झॉस्टला जातेय, असले घोळ पाच मिनिटांत डोळ्यांसमोर येतात. पोरं म्हणतात, सगळं थ्रीडीत काढून टाकू. काढा, माझी ना नाही. पण ड्रॉइंगातला ८१ तुम्ही थ्रीडीतही ८१ च टाकणार. असेंब्ली जोडून, क्रँक फिरवून, टक्कर तपासली तरच कॉम्प्युटर बोलतो. पार्ट नुसते सुंदर दिसले म्हणून खुश होणारे मी बरेच बघितलेत.

आता मुद्द्याचं, म्हणजे पार्ट कुठल्या क्रमानं बनवायचे. ड्रॉइंग कितीही तपासलं तरी एखादी चूक निसटते, आणि आपली स्वतःची दशांशांची भर त्यात पडतेच. साधारण टॉलरन्सच्या मध्यम दर्जात ३० ते १२० मिमीच्या मापाला अधिक-उणे ०.३ चालतं. असे चार पार्ट एका रांगेत आले आणि सगळे एकाच बाजूला कलले, तर १.२ झाले. तुमची दोन्ही टोकांची मिळून मोकळीक एक मिलिमीटर. म्हणजे ड्रॉइंगात एकही चूक नसती तरी सगळे पार्ट कागदाच्या मापात बनवून हे इंजिन अडकू शकलं असतं.

म्हणून प्रत्येक रांगेत एक पार्ट शेवटी बनवायचा, आणि त्याचं माप कागदावरून न घेता जोडलेल्या इंजिनावरून घ्यायचं. पिस्टनच्या रांगेत तो पार्ट म्हणजे पिस्टन रॉड. व्हॉल्व्हच्या रांगेत व्हॉल्व्ह रॉड, तोही दोन नटांवर पुढे-मागे होणारा. सिलिंडर आणि क्रँक एका रेषेत आणायला सिलिंडरच्या पायाखाली शिम (पातळ पत्री). आधी बोअर, मग त्याला पिस्टन. आधी रिमर मारलेलं भोक, मग त्यात बसणारा शाफ्ट. कव्हरची भोकं आधी पाडायची आणि कव्हर जागेवर क्लॅम्प करून त्यातूनच सिलिंडरवर खुणा घ्यायच्या. पीसीडीचं (भोकांच्या वर्तुळाच्या व्यासाचं) माप दोन्ही पार्टांवर स्वतंत्र मार्क करून नशीब आजमावू नये. ड्रॉइंगवर पहिल्या दिवशीच अशा पार्टांभोवती पेन्सिलनं गोल करून ठेवा. त्यांचं मटेरियल लांब ठेवून बाजूला टाका. बाकी काही असो, तो बार कापायचा नाही.

रॉड कसा काढायचा ते सांगतो. नव्या बारच्या क्रॉसहेडकडच्या टोकाला आटे पाडून तो क्रॉसहेडमध्ये घट्ट बसवा. पिस्टनकडचं टोक अजून पूर्ण लांब ठेवा. क्रँक सिलिंडरपासून लांबच्या डेड सेंटरला आणा. पुढचं कव्हर जागेवर, मागचं काढलेलं. कव्हरच्या स्पिगॉटच्या आतल्या फेसवर रॉडला स्टीलच्या सुईनं खूण करा. त्या खुणेपासून अर्धा मिलिमीटर पुढे पिस्टनचा फेस यायला हवा, खांदा तिथे काढा. पिस्टन बसवल्यावर दोन्ही टोकांना सोल्डरच्या तारेचा १ मिमी जाड तुकडा कव्हरला ग्रीसनं चिकटवा, कव्हर आवळा, क्रँक हातानं हळूच एक फेरा फिरवा. चेपलेली तार मायक्रोमीटरनं मोजा. दोन्ही तुकडे ०.४ ते ०.६ मध्ये आले की काम झालं. फरक जास्त आला तर आट्यांत अर्धा-पाऊण फेरा देऊन जुळवा आणि चेक नट आवळा.

इंचावरून मिलिमीटरला आणलेल्या ड्रॉइंगांत आणखी दोन गोष्टी बघा. पहिली, दशांशांची काटछाट. ११/३२ इंच म्हणजे ८.७३. कुणी ते ८.७ केलं, हरकत नाही. पण एका ओळीत तशी आठ अंतरं असली तर ६९.८५ च्या जागी ६९.६ भरतात, पाव मिलिमीटर गेला, आणि ३.२ च्या भोकातून एम-३ चा स्टड जात नाही. एकेक अंतर मार्क न करता मूळ इंचातून एकूण लांबी काढा आणि एकाच कडेपासून सगळी भोकं मोजा. दुसरी, आटे. जुन्या इंग्लिश मॉडेलांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) आटे असतात, ४७.५ अंशांचे, त्यांचे टॅप इकडे मिळत नाहीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला शोधले तर मिळतात, पण मी तो नाद सोडला. २ बीएच्या जागी एम-५, ६ बीएच्या जागी एम-३ खुशाल वापरा. फक्त नट मोठा होतो हे धरा. ६ बीएचा नट अलीकडून पलीकडे ४.९, एम-३ चा ५.५. फ्लँजच्या कोपऱ्यातल्या गोलाईला तो घासतो आणि मग लोक पुन्हा ड्रॉइंगला शिव्या देतात. ४ बीएला जवळचा एम-३.५ बाजारात क्वचितच दिसतो. तिथे एम-४ करण्याआधी भोकाभोवती भिंत किती उरते ते काढा. पुरत नसेल तर एम-३ घेऊन एखादा स्टड वाढवा.

पुढे पेट्रोलवरचं हिट-अँड-मिस (वेग वाढला की स्फोट वगळणारं) इंजिन करायचा विचार लिहिलाय, म्हणून गिअरचं एक सांगून ठेवतो. २० आणि ४० दात, २४ डीपी (व्यासाच्या दर इंचाला २४ दात), सेंटर अंतर १.२५ इंच म्हणजे ३१.७५ मिमी. मेट्रिक करणारे २४ डीपीचं ‘मोड्यूल १’ (मिमीतला व्यास भागिले दात) करून टाकतात, खरं तर ते १.०५८ आहे, आणि सेंटर अंतर ३१.७५ च ठेवतात. मोड्यूल १ ला तेच दात ३० मिमीवर बसतात. पावणेदोन मिलिमीटर लांब पडले. दाताची कामाची खोली २, म्हणजे टोकाला टोक पाव मिलिमीटर अडकतं आणि कॅम कधी उडी मारेल सांगता येत नाही. दातांची बेरीज गुणिले मोड्यूल, भागिले दोन. गिअर दिसला की हे करायचंच.

थोडं आपल्या उन्हाबद्दलही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४४ वर असतो आणि मापं २० अंशांची असतात. २५ मिमीचा ॲल्युमिनियम पिस्टन तेवढ्यानं साधारण १४ मायक्रॉन फुगतो, बिडाचा सिलिंडर सहा-सात. बाकीचा फरक पिस्टन घट्ट करतो. त्यात लेथवरून उतरवलेला गरम जॉब लगेच मोजला की झालंच. फिटिंगची मापं पहाटे घ्या, दोन्ही पार्ट रात्रभर एकाच टेबलावर ठेवून.

बॉयलरच्या ड्रॉइंगात चूक सापडली तर वरचं सगळं विसरा. तिथे जागेवर माप घेऊन जुळवणं नाही, शेजारच्या आकड्यावरून अंदाज नाही. पत्र्याची जाडी, स्टेचं (पत्रे आतून धरून ठेवणाऱ्या सळयांचं) अंतर, सिल्व्हर ब्रेझिंगचे जोड यांतलं काही खटकलं तर ते ड्रॉइंगच बाजूला ठेवा आणि नवीन बॉयलर कामाच्या दाबाच्या दुप्पट पाण्याच्या दाबावर तपासल्याशिवाय पेटवू नका. तोवर टायर भरायच्या छोट्या कॉम्प्रेसरवर इंजिन चालवा. एक बारच्या आत ते फिरायला हवं.

सापडलेली प्रत्येक चूक लाल पेननं मूळ कागदावरच लिहा. जुना आकडा खोडून टाकू नका, त्यावर एकच रेघ, शेजारी नवा आकडा, आणि तो कशावरून काढला ते दोन शब्दांत. ‘८४, बेरजेनं, ५/१६ वरून’ एवढं पुरे. दुसऱ्या वहीत लिहिलेलं ऐन वेळी सापडत नाही. आणि ते स्कॅन ज्यांच्याकडून आलं त्यांनाही परत पाठवा.

तर या रविवारी रॉड नवीन करा, कव्हर पालथं करून बघा, आणि एक्सेंट्रिकचा जॉब चकमध्ये धरण्याआधी मला चार मापं कळवा: चेस्टची आतली लांबी प्रत्यक्ष किती भरते, व्हॉल्व्ह रॉडचं भोक पोर्टांच्या फेसपासून किती उंचीवर आहे, व्हॉल्व्हच्या पाठीवरच्या खाचेची खोली, आणि एक्सेंट्रिक ते चेस्टचा ग्लँड (रॉडभोवती वाफ अडवणारं पॅकिंग) हे अंतर. ड्रॉइंगात व्हॉल्व्ह रॉड मला एका बाजूला दीड मिलिमीटर वर दिसतोय. स्कॅन तिरकं आलंय की खरंच तसं आहे, ते या मापांवरून कळेल.